ही म्हणाली, बरं

११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी हिला वही दिली. रोज किती दुखतं ते शून्य ते दहा अशा आकड्यांत लिहायचं, आणि सुचेल ते चार ओळीत खाली. घरी आल्यावर हिने ती वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "तुम्हीच लिहा. मोजमापाचा धंदा तुमचा." म्हणून लिहितोय, दुकानात बसून. घरी बसून लिहिलं तर ही वाचेल, आणि हिच्यासमोर मला खरं लिहिता येणार नाही.

माझा धंदा वजनकाट्यांचा. किराणा दुकानातल्या तराजूपासून सोनाराच्या नाजूक काट्यापर्यंत सगळं आम्ही दुरुस्त करतो, मी आणि माझा भागीदार. काटा आधी शून्यावर आणायचा, मग त्यावर प्रमाण वजन ठेवायचं आणि मगच तोंड उघडायचं, ही आमची रीत. त्यामुळे मी बाईंना विचारलं, हे शून्य कुणाचं? दहा म्हणजे किती, ते कुणी ठरवलं? बाई हसल्या. शून्यही पेशंटचंच आणि दहाही पेशंटचंच, म्हणाल्या. याला मी तरी काटा म्हणणार नाही.

दुखणं सकाळी सहा, संध्याकाळी सात.

१४ जानेवारी

सहा. सात. पुन्हा सहा. मी विचारलं की ही आधी माझ्या तोंडाकडे बघते आणि मग आकडा सांगते. उत्तर काय माझ्या कपाळावर लिहिलंय? भागीदाराला सांगितलं तर तो म्हणाला, वहिनी गिऱ्हाईक बघून भाव सांगतात. हसलो आम्ही.

१९ जानेवारी

मोठ्या तपासणीचा रिपोर्ट आला. मणका, कंबर, पाय, सगळं नॉर्मल. मी दवाखान्याच्या दारातच मुलाला फोन लावला. तो दुसऱ्या शहरात नोकरीला असतो, त्यालाही हायसं वाटलं. म्हणाला, बघ आई, काही नाहीये तुला, आता रोज चालायला लाग. ही फोनवर हो हो म्हणाली आणि गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून रडायला लागली. रिपोर्ट चांगला आला म्हणून कुणी रडतं का? मी म्हटलं, तुला काय मोडलेलं हाड हवं होतं? त्यावर ही म्हणाली, "हो. दाखवायला तरी झालं असतं."

बाई म्हणाल्या होत्या की दुखणं खरं असतं आणि फोटोत येत नाही, दारावरची घंटा कुणी नसताना वाजत राहावी तसं. मी मान डोलावली. आमच्या दुकानात असा काटा आला, वर काहीच नसताना वजन दाखवणारा, तर आम्ही त्याला बिघडलेला म्हणतो.

२५ जानेवारी

हिचं आधीचं आयुष्य इथे लिहून ठेवावं म्हणतो, नाहीतर मलाच विसरायला होईल. ही बेकरीत केक सजवायची. क्रीमची पिशवी हातात आली की तिचं गिऱ्हाइकाशी बोलणं चालू राहायचं आणि हात आपले फुलं काढत राहायचे. एक दिवस कंबरेतून डाव्या पायात आग उतरली. पडली नाही, धडपडली नाही, काही उचललं नाही. आधी सुट्ट्या, मग अर्धा दिवस, मग घरी. बेकरीतल्या मैत्रिणी सुरुवातीला यायच्या. आजारी माणूस एकतर बरं व्हावं नाहीतर जावं, मधेच लटकून राहिलं की लोकांना काय बोलावं ते सुचत नाही. आता कुणी येत नाही. वरच्या मजल्यावरची शेजारीण जिन्यात भेटली की मला म्हणते, दिसतात तर छान हो वहिनी. यावर मी काय बोलावं? छान दिसते हे खरंच आहे.

स्वयंपाक माझ्याकडे, धुणं माझ्याकडे, दुकान तर आहेच. तक्रार नाही. पण वही कुणी वाचणार नाही (बाईंना आकडे मी वेगळ्या कागदावर देतो) म्हणून लिहितो: कधी कधी मी घरी जाताना एक चौक जास्तीचा फिरून जातो.

२ फेब्रुवारी

ताई आली होती. माझी मोठी बहीण, बँकेत अधिकारी, या महिन्यात निवृत्त होतेय. ही आतल्या खोलीत पडलेली होती, ताई माझ्याजवळ स्वयंपाकघरात. मी भांडी घासत होतो, ते बघून तिचा जीव तुटला. हळूच म्हणाली, "झोपलेल्याला उठवता येतं रे, झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही."

मी तिला गप्प केलं. पण बोलणं मनात राहिलं. परवाच वाऱ्याने माझा शर्ट दोरीवरून उडाला तेव्हा ही गॅलरीत धावली होती. धावली, मी डोळ्यांनी पाहिलं. नंतर दोन दिवस उठली नाही हेही खरं. पण धावली ना?

५ फेब्रुवारी

आज दुकानात एक गोष्ट केली. हिची दुखण्याची गोळी आणि शेजारच्या औषधवाल्याकडून आणलेली साधी ताकदीची गोळी, दोन्ही सोनाराच्या काट्यावर ठेवल्या. रंग पांढरा, आकार गोल, वजनातही फरक नसल्यात जमा. भागीदार बाहेर गेला होता, ते बरं झालं.

काटा तपासायचा तर त्याला न सांगता खोटं वजन ठेवावं लागतं. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी. यात वाईट काय आहे? उलट दुखत असेल तर कळेलच, मग ताईचंही तोंड बंद होईल. मी हे हिच्यासाठीच करतोय असं मला वाटतंय. तरी दोन्ही गोळ्या खिशात घालताना मी दाराकडे बघितलं.

९ फेब्रुवारी, रविवार

आठवड्याच्या गोळ्यांची डबी मीच भरतो. पडल्या पडल्या पाकिटाची पन्नी फोडणं हिला जमत नाही. आज नव्या गोळ्या भरल्या. बाईंनी मागे बजावलं होतं की ही गोळी एकदम बंद करायची नाही. पण मी बंद कुठे केली, मी तर बदलली.

हिने गोळी तळहातावर घेतली. तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि थोडी थांबली. विचारलं, "कंपनी बदललीत का?" मी म्हटलं, हो, नेहमीची संपली होती, ही जास्त चांगली आहे म्हणे. तिने माझ्याकडे बघितलं. मी रेडिओचं बटण फिरवत बसलो. ही म्हणाली, "बरं."

जेवणानंतर मी विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" माझा आवाज थोडा चढला असावा. ही परत म्हणाली, "बरं."

बरं! इतक्या दिवसांत हा शब्द ऐकला नव्हता. आकडा विचारला तर चार.

१२ फेब्रुवारी

चार. काल तीन. पी हळद नि हो गोरी म्हणतात ते हेच. ताकदीच्या गोळीने दुखणं जातं म्हणजे दुखणं कुठे होतं? मला राग यायला हवा होता, पण राग आला नाही, इतकं हलकं वाटलं. बिचारी मुद्दाम करत नसेल. मनाचा खेळ असेल, आणि मनाचा खेळ असेल तर तो जाईलही.

सुधारणा बऱ्याच आहेत. पूर्वी सारखी कूस बदलायची, आता लाकडासारखी सरळ पडून असते, हलत नाही. बाथरूममध्ये मात्र फार वेळ लावते आणि नळ सोडून ठेवते, आत काही ऐकू येत नाही इतका आवाज. पाणी वाया जातं म्हणून मी दोनदा टोकलं. कपाळावर घाम दिसतो, हवा बदलतेय त्यामुळे असेल. जेवणही कमी झालंय, पण पडून असणाऱ्या माणसाला भूक कुठून लागणार.

१५ फेब्रुवारी

काल दाढी करताना मी शीळ घालत होतो, हे मला हिने सांगितल्यावर कळलं. दारात उभी होती, चौकटीला धरून. म्हणाली, "लग्नाआधी तुम्ही अशी शीळ घालायचात." मी तिला म्हटलं, चल, संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. ही म्हणाली बरं, आणि आली. येताना माझा दंड इतका घट्ट धरला होता की मला वाटलं, अजून प्रेम आहे.

दुपारी ताईला फोन करून सगळं सांगितलं. गोळ्यांचंही. "मला वाटलंच होतं," ती म्हणाली आणि थोडा वेळ त्या "वाटलंच होतं"ची मजा घेत राहिली. मग म्हणाली, तेवीस तारखेला माझ्या निवृत्तीचं जेवण आहे, केक तुझ्या बायकोच्या हातचा हवा, तीन मजली. मी म्हटलं, करेल की. तिला विचारलं नाही आधी. घरी आल्यावर सांगितलं. ही कपाटाला टेकून उभी होती. म्हणाली, "तुम्ही हो म्हणालात?" मी मान हलवली. "बरं मग."

चोराच्या मनात चांदणं. हिने गोळीची डबी उघडली की मला उगाच खोकला येतो.

२२ फेब्रुवारी

केक झाला. मी दुकानातला छोटा काटा घरी नेला, पीठ आणि साखर मोजून दिली. खूप दिवसांनी आम्ही दोघं एका ओट्याशी उभे होतो. मी म्हटलं बसून कर, तर ही म्हणाली की वरच्या मजल्यावर फुलं काढायला उभंच राहावं लागतं. उजव्या हातात क्रीमची पिशवी, डाव्या हाताने ओट्याची कड धरलेली. बोटं पांढरीफटक पडली होती. कामात रंगली की हिचं असंच होतं. बोलली नाही एक शब्द. पूर्वी फुलं काढताना तोंडाचा पट्टा चालू असायचा, त्याची मला आठवण झाली, पण म्हटलं सवय गेलीय, येईल परत.

शेवटची पानं काढताना दोनदा क्रीम वाकडं गेलं. त्या जागी तिने जास्तीचं फूल बसवलं. कुणाला कळणार नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दुकान उघडून बसलोय, फक्त लिहायला. अजून कानात टाळ्या आहेत.

ताईचं घर माणसांनी भरलं होतं. केक आत आणला तेव्हा बँकेतले लोक उठून उभे राहिले. ही सगळ्यांशी हसून बोलत होती. कुणीतरी खुर्ची दिली तर म्हणाली, नको, उभीच बरी आहे. ताईने भाषण केलं आणि शेवटी हिच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "ही आमची भावजय. एवढी अंथरुणाला खिळलेली, पण आज बघा. मनावर घेतलं की सगळं होतं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. ही हसली. मला वाटलं, आमचे वाईट दिवस संपले.

परत येताना आमच्या जिन्यात ही मधल्या पायरीवर बसली. दमलीस का, विचारलं. "जरा," म्हणाली. शेजारीण वरून उतरत होती, ती म्हणाली, काय नटलात हो आज वहिनी. आम्ही तिला जागा करून दिली. मग पुढच्या पायऱ्या ही बसत बसत चढली. त्यावेळी मला हसू आलं, लहान मुलासारखं काय करतेस म्हटलं. आता लिहिताना हसू येत नाहीये. घरी जातो.

२४ फेब्रुवारी

दुकान बंद. वहीपुरता पाच मिनिटं आलोय. हिला उठता येत नाही. चादर ओढली तरी ओरडते. हिला ओरडताना मी आजवर ऐकलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

बाई घरी येऊन गेल्या. इंजेक्शन दिलं. मला म्हणाल्या, गोळी चालू असताना असं व्हायला नको. दाराबाहेर जिन्यात त्यांना सगळं सांगितलं. काट्याचंसुद्धा सांगितलं, वजनात फरक नव्हता हेसुद्धा. जणू काही ते ऐकून त्या मला शाबासकी देणार होत्या.

त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, एकदम गोळी तुटल्यावर त्या बाईने तीन मजली केक कसा केला, ते मला समजत नाही. मग म्हणाल्या, "त्यांना तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी आत गेलो. ही छताकडे बघत होती. मी पलंगाशी खाली बसलो आणि सांगितलं. सांगताना हिच्याकडे बघवेना, चादरीच्या काठाकडे बघत होतो.

"माहितीये मला," ही म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवसापासून. माझी गोळी कडू असते हो. जिभेला लागली की अर्धा दिवस चव जात नाही. ही गोडसर होती."

मी विचारलं, "कळलं होतं तर घेतलीस कशाला? बरं वाटतंय असं का म्हणालीस?"

"बरं वाटतंय असं मी एकदाही म्हटलं नाही. तुम्ही विचारलंत, मी बरं म्हटलं. ठीक आहे, तुम्ही म्हणाल तसं, या अर्थी. तुम्हाला जे ऐकायचं होतं ते तुम्ही ऐकलंत. आकडेही मी तुमच्या तोंडाकडे बघूनच सांगितले." श्वास घेतानाही दुखत होतं. "मग तुम्ही शीळ घातलीत. म्हटलं, चला, दोघांतल्या एकाला तरी बरं वाटतंय."

मी तिच्या पायाशी डोकं ठेवून रडलो. तिने माझ्या केसांतून हात फिरवला. मी काय केलं आणि मला काय मिळालं. लोकांना अशी बायको सात जन्मांत मिळत नाही.

१ मार्च

खऱ्या गोळ्या परत चालू. फरक पडायला वेळ लागेल. तोवर बसवणं, उठवणं, बाथरूमला नेणं, सगळं मी. दुकान भागीदार बघतोय.

ताईला फोन केला. चूक माझी होती, हिला खरंच दुखतं, त्या दिवशीही दुखत होतं, असं स्पष्ट सांगितलं. ताई म्हणाली, तूच म्हणालास साध्या गोळीने बरी झाली म्हणून. मी म्हटलं, मी म्हणालो, तू मानलंस, दोघंही सारखेच. फोन ठेवला तिने. ठेवू दे. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे मला आता कळलंय. हिची काळजी घेताना पूर्वी कंटाळा यायचा, आता येत नाही. मन स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. भागीदाराला हिची सगळी हकिकत सांगितली, त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, देवमाणूस आहे वहिनी. मी म्हटलं, आहेच.

६ मार्च, सकाळी

आज वही घरी आणली. हिच्या शेजारी बसून लिहितोय, वाचायची तर वाचू दे.

मुलाचा फोन होता. मी त्याला सगळं सांगितलं, अगदी माझ्या गोळ्यांच्या फसवणुकीपासून. काही लपवलं नाही. शेवटी म्हटलं, आईचं मन बघ केवढं आहे, कळूनसुद्धा माझ्यासाठी गोड मानून घेतल्या, एका शब्दाने रागावली नाही. तोही म्हणाला, ग्रेट आहे आई. फोन ठेवून वळलो तर ही माझ्याकडे बघत होती.

"ही गोष्ट तुम्ही किती जणांना सांगितलीत?"

मी म्हटलं, भागीदाराला, आता याला. आणि जिन्यात भेटली म्हणून शेजारणीलाही, थोडक्यात.

"माझं मन मोठं नाही," ही म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजी काय आणायची ते सांगावं तसा. "त्या पहिल्या दिवशी गोळी गोड लागली ना, तेव्हा मला इतका राग आला होता की हातातला पेला तुमच्या अंगावर फेकावा. केक करताना राग येत होता. ताईंनी खांद्यावर हात ठेवला तेव्हा तर फार आला. अजून आहे. तुम्ही रडलात ना त्या दिवशी, तेव्हाही होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यावर रागवायची सोय कुठे आहे मला? तुम्ही रुसून दुकानात जाऊन बसलात तर मला उठवणार कोण?"

मी म्हटलं, मी असा नाही, मी कधीच असं करणार नाही. म्हणता म्हणता ते जास्तीचे चौक आठवले. बाहेर कुणीतरी जिना उतरत होतं, त्याची पावलं संपेपर्यंत आम्ही दोघं ऐकत राहिलो. मला तिची माफी परत मागायची होती, पण मागितली असती तर तिला परत बरं म्हणावं लागलं असतं. म्हणून गप्प बसलो.

मग तिला बाथरूमला जायचं होतं. तिने माझ्याकडे न बघता हात पुढे केला, आणि मी तो धरला.